आईला मरणाची भीती वाटते, म्हणजे तिचा विश्वास गेला का?

जालना जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. आई ६८ वर्षांची. पोटाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला, डॉक्टर म्हणाले आता घरी न्या. या आईनं ४० वर्षं गावातल्या ख्रिस्ती बायकांची बुधवारची प्रार्थना चालवली, कित्येकांच्या उशाशी बसून गीतं म्हटली. आणि आता तीच म्हणते, ‘मला भीती वाटते, प्रार्थना नको.’ प्रार्थनेला आलेली काही मंडळी सांगून गेली की विश्वास कमी पडतोय, मनात काही पाप लपलेलं असेल, औषधं बंद करा. मामाकडचे लोक हिंदू, त्यांना शेवटी बहिणीच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायचं आहे. ताई विचारतात: आईचा विश्वास गेला का? तिला मी काय सांगू? मॉर्फिन देणं पाप आहे का? मामाला काय उत्तर देऊ?

ताई, मी ३६ वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो, बहुतेक काळ बीड आणि जालना जिल्ह्यांतल्या खेड्यांत. मातीला किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही एक प्रश्न विचारलेलाच नाही, आणि मला वाटतं आईलाही तो अजून कुणी विचारलेला नाही: भीती नक्की कशाची वाटते?

का म्हणतो ते सांगतो. माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत अंबड भागातल्या एका वस्तीवर एक म्हातारबाबा शेवटच्या दुखण्यात होते. तरुणपणी हलगी वाजवायचे, पुढे देवळात (आपल्या चर्चमध्ये) ढोलकी धरायचे. त्यांना भीती वाटते म्हणून घरच्यांनी मला बोलावलं. मी तयारीनं गेलो. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचला, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ यावर अर्धा तास बोललो, लांबलचक प्रार्थना केली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी गेलो, तेच. तिसऱ्या दिवशी माझ्याकडचं बोलणं संपलं, म्हणून मी सहज विचारलं, ‘बाबा, भेव कशाचं वाटतंय?’

ते म्हणाले, ‘मरायला भेत न्हाई म्या. प्रभूकडं जायाचं ठावं हाय मला. त्या चिखलाला भेतो.’

त्यांच्या बापाला ऐन श्रावणात पुरलं होतं. तुम्हाला आपली काळी माती माहीत आहे. पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्याच मोठ्या पावसात ती कबर खचली, खड्ड्यात पाणी साचलं, आणि दहा-बारा वर्षांच्या या पोरानं ते पाहिलं. साठ वर्षं ते पाणी त्यांच्या मनात साचून होतं. मी तीन दिवस त्यांना स्वर्ग समजावत होतो, आणि ते विचारात होते की आपल्याला कुठं पुरणार.

संध्याकाळी त्यांच्या मुलाला घेऊन दफनभूमीत गेलो. वरच्या अंगाला, लिंबाच्या झाडाजवळ मुरूम होता. तिथं खणायला पहार लागते, कुदळीनं काम होत नाही, म्हणून लोक ती जागा टाळतात. मुलानं परत येऊन बापाला सांगितलं, ‘दादा, मुरमात ठिवू. पाणी ऱ्हायचं न्हाई.’ त्या रात्री बाबा झोपले. पुढे आठ-नऊ दिवस होते. शेवटच्या दिवसांत त्यांनीच मला अकरावा अध्याय पुन्हा वाचायला लावला.

मी हे फक्त एक आठवण म्हणून सांगत नाही. त्यांची भीती मला आधी अडाणीपणाची वाटली होती, मनातल्या मनात थोडं हसूही आलं होतं. नंतर कळलं की ख्रिस्ती शिकवणीच्या जवळ ते होते, मी नव्हतो. आपल्याकडे ख्रिस्ती माणूससुद्धा सहज बोलून जातो, ‘आत्मा गेला, देह काय, कपडा आहे.’ आजूबाजूचं ऐकून ते आपल्या तोंडात बसलं आहे. आपल्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून विश्वास बोलून दाखवतो त्यात, काय म्हणतो ते आठवा: देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. तिथं देह हा शब्द मुद्दाम आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौल मेलेल्या देहाला बियाणं म्हणतो. पेरलं जातं ते नाशवंत, उठवलं जातं ते अविनाशी. तिफणीमागं चाललेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बी कुठं पडतंय, मातीत ओल किती आहे, याची काळजी करणारा माणूस अविश्वासू नसतो. म्हणून देहाला नीट जपणं, तोंड पुसणं, पाठीला तेल लावणं, कूस बदलणं, चांगल्या जागी ठेवणं, हीसुद्धा भक्तीच आहे. तुम्ही सध्या दिवसभर तेच करत असाल आणि ‘प्रार्थना होत नाही’ म्हणून स्वतःला दोष देत असाल.

तर आधी आईला विचारा. एकटीच असताना, दुपारी वगैरे. ‘आई, भीती कशाची वाटते गं?’ आणि मग गप्प बसा. काहीही निघू शकतं. दुखणं वाढेल याची भीती. श्वास कोंडेल याची. कपड्यात होईल, सुनेला धुवावं लागेल, याची लाज (ही फार जणींना असते, आणि कोणीही बोलून दाखवत नाही). मागं राहिलेल्या एखाद्या पोराची काळजी. भावकीत बांधावरून झालेलं भांडण, वीस वर्षं न बोललेली जाऊ. आणि हो, कधी कधी देवाच्या न्यायाची भीतीसुद्धा. प्रत्येकीवर उपाय वेगळा आहे. दुखण्याची भीती असेल तर तिथं वचन नको, गोळी हवी. जावेची असेल तर जावेला निरोप धाडा. न्यायाची भीती निघाली तर तुमच्या पाळकांना बोलवा. आईला जे बोलायचं असेल ते त्यांच्याजवळ बोलू द्या, तुम्ही खोलीबाहेर बसा, आणि त्यांना क्षमेचं वचन वाचून तिला प्रभुभोजन द्यायला सांगा. गिळता येत नसेल तर द्राक्षरसात भिजवलेला भाकरीचा कण ओठाला लावला तरी पुरतो. तुम्ही कॅथोलिक असाल तर फादरांना आजाऱ्याच्या तैलाभ्यंगासाठी (प्रार्थना करून पवित्र तेल लावण्याच्या संस्कारासाठी) आत्ताच कळवा, शुद्ध हरपेपर्यंत थांबू नका. तो संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा, हा जुना समज अजून गेलेला नाही. फादर दारात आले की घरात रडारड सुरू होते, ती त्यामुळेच.

आता विश्वास गेला का, याबद्दल. प्रभू येशू गेथशेमाने बागेत मरणाला सामोरा गेला तेव्हा हसत गेला नाही. आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असं तो शिष्यांना म्हणाला, हा प्याला टळावा म्हणून त्यानं तीनदा प्रार्थना केली. इब्री लोकांच्या पत्रात तर स्पष्ट लिहिलं आहे की त्यानं मोठा आक्रोश करत आणि अश्रू गाळत विनंत्या केल्या. आणि वधस्तंभावर तो बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तुमच्या आईला जे ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणाले, ते गेथशेमानेत असते तर तिथंही हेच म्हणाले असते का, असं त्यांना विचारावंसं वाटतं.

त्या रात्री प्रभूनं मित्रांकडं काय मागितलं तेही पाहा. शिकवण मागितली नाही, धीराचे चार शब्दही नाहीत. इथं राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच. आणि ते झोपले. तुम्ही जाग्या आहात. त्या रात्री शिष्यांना जे जमलं नाही, ते तुम्ही रोज करता आहात.

‘प्रार्थना नको’ म्हणते त्याचाही अर्थ समजून घ्या. ४० वर्षं जिनं दुसऱ्यांसाठी मोठ्यानं प्रार्थना केली, तिला आता आवाज झेपत नाही. पंधरा माणसं खाटेभोवती, प्रत्येकाची वेगळी प्रार्थना, वरून कीबोर्ड. धडधाकट माणसाला घेरी येईल. तेवढं बंद करा. पाहुण्यांना सरळ सांगा, आई थकली आहे, ओसरीवर बसून प्रार्थना करा. तिच्याजवळ एक ओळ पुरे. तेविसाव्या स्तोत्रातली चालेल: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ तिचा श्वास जसा चालतो तशी म्हणा, हळू, आणि मग थांबा. तिला म्हणवत नसेल तर तुम्ही म्हणा, तिच्या वतीनं. मंडळी, म्हणजे चर्चची आपली माणसं, असते ती याचसाठी. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं. येशूनं पाहिला तो ‘त्यांचा’ विश्वास, असं वचनात आहे. बाजेवरच्या माणसानं एक शब्दही उच्चारलेला नाही.

तिच्या अंगात बसलेल्या गोष्टी वापरा, नव्या आणू नका. एका आजीबाईला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, पण नातीनं ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केलं की ओठ हलायचे. ऐकू येणं शेवटपर्यंत टिकतं असं नर्स सांगतात, आणि मलाही ते खरं वाटतं. म्हणून आई गुंगीत असली तरी तिच्या खाटेशी शेताच्या वाटणीचं बोलू नका.

बरं होण्यासाठी प्रार्थना करायची की नाही? करा, जरूर करा. पण बरी होशीलच असं तिला वचन देऊ नका, ते देणं आपल्या हातात नाही. तरुणपणी मी दिलेलं आहे. एका बाईला म्हणालो होतो, नाताळला तू देवळात असशील. ती नोव्हेंबरातच गेली. तिचा नवरा उसाच्या तोडीवर सांगली भागात होता, माझ्या शब्दावर विसंबून निर्धास्त गेला होता. निरोप पोचून, ट्रक मिळून तो येईपर्यंत माती होऊन गेली होती. तो मला काही बोलला नाही. पण त्यानंतर मी कुणाला असं वचन दिलं नाही.

औषधांबाबत मला राग येतो, म्हणून थोडक्यात लिहितो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. औषध सोडा असं कुठंही नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्यानं अंजिरांचा लेप लावायला सांगितला. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा स्वतः वैद्य. ज्यांनी औषधं बंद करायला सांगितलं ते रात्री दोन वाजता, आई कण्हत असेल तेव्हा, तुमच्या घरी नसतील. मॉर्फिन ही दुखणं थांबवायची गोळी आहे, मारायची नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या वेळेला द्या. दुखणं चढायची वाट पाहू नका. तिनं बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत मागून घ्या. दुखणं सोसणं म्हणजेच क्रूस वाहणं, असं कुणी म्हणालं तर १९५७ साली पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांना दिलेलं उत्तर सांगा: वेदना शमवण्यासाठी गुंगीचं औषध देणं धर्माला मान्य आहे, त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी. प्रॉटेस्टंट मंडळींतही यावर माझा कुणाशी वाद झाल्याचं आठवत नाही.

शेवटच्या दिवसांत खाणं सुटेल. जेवत नाही म्हणून मरते असं नसतं, देह मिटत आला म्हणून जेवण सुटतं. पेज बळंच भरवू नका, ठसका लागतो. ओला कापूस ओठांवरून फिरवा. घशात घरघर सुरू झाली की पाहणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक वेळा तिला त्याचा त्रास तेवढा नसतो. कुशीवर वळवा, मान जरा उंच ठेवा.

आता मामा. ताई, मामाला शत्रू करू नका. लहानपणापासून ज्या बहिणीला पाहिलं ती चालली आहे, आणि त्यांना प्रेम दाखवायची एकच रीत येते. आपल्यातल्या बऱ्याच घरांत हे असतंच. नारायण शेषाद्रींनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. तेव्हापासून मराठवाड्यातलं एकही ख्रिस्ती घर हिंदू सोयऱ्यांशिवाय उभं राहिलेलं नाही. पहिलं म्हणजे आईला विचारा. ती नको म्हणाली तर नको, आणि ते मामाला आजच सांगा, मयताच्या वेळी नाही. माझा अनुभव असा, की ‘हे करू नका’ म्हणण्याऐवजी ‘हे तुम्ही करा’ म्हटलं की माणसाचा मान राहतो. मामाला म्हणा, शेवटचं पाणी तुमच्या हातचं. चमचाभर साधं पाणी, भावाच्या हातून. प्रभूही शेवटी ‘मला तहान लागली आहे’ म्हणाला होता. मामांनी त्यात गुपचूप तुळशीचं पान टाकलंच तर? तर मी खाटेपाशी ओढाताण करणार नाही. पानानं आईचं तारण हलत नाही. दोन घरं मात्र तुटतील. माझे काही सहकारी हे मान्य करणार नाहीत, त्यांचा आदर ठेवून सांगतो.

खांदा द्यायला, खणायला, तिसऱ्या दिवशी कबरीवर फुलं ठेवून प्रार्थना होते तेव्हा सोबत यायला मामाला बोलवा. दहाव्याचं काय, असं ते विचारतील. त्या दिवशी घरी स्मरणाची उपासना ठेवा आणि त्यांना जेवायला बसवा. कर्ज काढून गावजेवण मात्र नको. आपल्यात ते बंधन नाही, आणि तरीही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून व्याजानं पैसे काढलेली घरं मी पाहिली आहेत.

पेटीचंही तसंच. शहरात तयार मिळते, खेड्यात सुतार फळ्या जोडून देतो. जमलं नाही तर पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा. खुद्द प्रभूला तागाच्या कापडातच गुंडाळलं होतं. जागा कोणती ते ग्रामपंचायतीशी आणि मंडळीशी आधी बोलून ठेवा. पावसाळा असेल तर खोल खणा आणि वर मातीचा ढीग भरपूर उंच करा, तो खाली बसतोच. घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला घ्या आणि २१ दिवसांच्या आत नोंद करा. पुढे शेताच्या, बँकेच्या कामाला तो कागद लागतो.

तुमच्याबद्दलही थोडं. आई गेल्यावर कुणीतरी येऊन म्हणेल, ‘रडू नका, आपण आशा असलेले लोक.’ पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलं ते असं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं त्यानं लिहिलं. खेदच करू नका असं नाही. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाई तेव्हा केडगावला बायबलाच्या भाषांतरात बुडालेल्या होत्या, कानानं जवळजवळ बहिऱ्या झालेल्या. ते काम त्यांनी पुढं चालू ठेवलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. एवढ्या विश्वासाच्या बाईला त्या नऊ महिन्यांत रडू आलं नसेल असं मला वाटत नाही. आणि तुम्हाला महिनाभर प्रार्थना सुचलीच नाही तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही. तरी ते बायबलात ठेवलेलं आहे.

आईजवळ गीतांची हातानं लिहिलेली वही असेलच, त्या पिढीतल्या सगळ्या बायांजवळ असते. ती काढा आणि तिला विचारा, मातीच्या वेळी कोणतं म्हणायचं. हा प्रश्न अशुभ नाही. बायका तो मोठ्या आनंदानं सोडवतात, आणि प्रार्थना नको म्हणणारी आईसुद्धा बहुधा इथं बोलेल. परळीकडच्या एका आजीनं मला दम देऊन सांगितलं होतं, ‘माझ्या मातीला ते रडकं गीत न्हाई म्हणायचं. नाताळचं म्हणा, ढोलकीवर.’ ती मे महिन्यात गेली. उन्हानं पायाखालची माती पोळत होती, खणणाऱ्यांना प्यायला टँकरचं पाणी आणलेलं. प्रार्थना झाली, मूठमूठ माती टाकून झाली, आणि मी तिच्या थोरल्या मुलाकडं पाहिलं. त्यानं ढोलकी आणली होती. आधी कुणाचा सूर लागेना, दोघी-तिघी हसल्या, मग रडल्या, आणि मग बेथलेहेमच्या गोठ्याचं ते गीत आम्ही सगळी कडवी धरून म्हटलं. कडेला उभे असलेले तिचे हिंदू भाचे शेवटच्या कडव्याला टाळ्या धरून होते.